एकाच पुडीतल्या दोन गोळ्या

मंचरला एसटी स्टँडच्या अलीकडे माझं मेडिकलचं दुकान आहे. आहे म्हणायचं, पण गल्ल्यावर आता पुतण्या बसतो. मी सकाळी जातो, पेपर वाचतो, ओळखीचं कुणी आलं तर दोन शब्द बोलतो आणि परत येतो. या अंकासाठी 'दुकानातल्या गमती लिहा' असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. गमती नाहीत असं नाही. पण त्या सांगायला लागलो की मध्येच हौसाबाई काउंटरपाशी येऊन उभ्या राहतात, आणि त्यांना टाळून मला पुढचं काही आठवत नाही. बरीच वर्षं असंच चाललंय. म्हणून म्हटलं, लिहायचं तर त्यांचंच लिहावं. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. त्या स्वभावाचा मला धंद्यात फायदा झाला. तोटा दुसऱ्यांचा झाला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेडिकलवाल्याचं काम काय, चिठ्ठी वाचायची आणि गोळी काढून द्यायची. नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक चिठ्ठीशिवायच यायचं. "मागच्या खेपेची ती गुलाबी चपटी द्या," म्हणणारे यायचे. एक पाहुणे बायकोच्या खोकल्याचं औषध न्यायला आले. मी विचारलं, कोरडा आहे की ओला? ते म्हणाले, "थांबा, ऐकवतो." आणि काउंटरला टेकून त्यांनी बायकोचा खोकला इतका हुबेहूब खोकून दाखवला, की मागचं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं. दुसरे एकजण डोळ्यांचे थेंब घेऊन गेले आणि आठवड्याने सांगत आले, "लई गुण आला राव, बैल आता नीट बघतोय." अशी माणसं. डॉक्टरकडं जायचं म्हणजे दिवस मोडायचा, त्यापेक्षा मेडिकलवाला बरा. आम्हालाही ते आवडायचं. 'भाऊंना विचार' असं कुणी म्हटलं की छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

आणि माझी खासियत म्हणजे पुडी. फार्मसीच्या डिप्लोम्यात ती कुणी शिकवत नाही. मी जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद चौकोनी कापून ठेवायचो. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या एका वेळच्या सगळ्या गोळ्या एका पुडीत बांधायच्या. सकाळची पुडी साधी, रात्रीच्या पुडीचा कोपरा काळ्या शाईत बुडवलेला. काळं म्हणजे रात्र. म्हाताऱ्या माणसालाही कळायचं. अवसरी, पेठ, घोडेगावच्या बाजूची माणसं दोन दुकानं ओलांडून माझ्याकडे यायची ती पुडीसाठी. बाटलीतल्या नाही तर पाकिटातल्या गोळ्या हातात टेकवणाऱ्या दुकानदारांना मी मनात हसायचो.

हौसाबाई अवसरी बुद्रुकच्या. गावाबाहेर त्यांची वस्ती. घरची थोडी जमीन होती, पण जीव मेंढरांवर. दिवाळी झाली की त्यांचा वाडा कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी परत यायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. आपापली मेंढरं घेऊन एकत्र चालणारी चार-पाच कुटुंबं, त्याला ते वाडा म्हणतात. यातलं एक मला फार उशिरा कळलं. मेंढरं गडी राखतो, पण वाडा बाई चालवते. सकाळी घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, वर कोंबड्यांची डाल आणि नुकती जन्मलेली कोकरं बांधायची, मेंढरांच्या आधी पुढं चालत जाऊन नवा तळ गाठायचा, चूल मांडायची, मेंढरं कोंडायला जाळी ठोकायची. संध्याकाळी मेंढरं येतात तेव्हा सगळं तयार पाहिजे. बाई मागं राहिली तर वाड्यालाच थांबावं लागतं.

हौसाबाईंच्या गळ्याला गाठ होती. लिंबाएवढी होती तोवर त्यांनी पदराखाली झाकली. पुढं गिळायला त्रास व्हायला लागला, तेव्हा त्यांचे मालक सखाराम त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं थायरॉइडची सगळी ग्रंथी काढून टाकली. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. दवाखान्यातून सुटल्यावर घरी जाण्याआधी ते दोघं सरळ माझ्या दुकानात आले. गळ्यावर आडवा ताजा व्रण, त्यावर पातळ रुमाल.

सखाराम म्हणाले, "गाठ गेली भाऊ. आता फकस्त गोळ्या. पन डॉक्टर म्हनला, जल्मभर."

"जल्मभर कशापायी?" हौसाबाई म्हणाल्या. "गाठ काढली ना? मग गोळी कसली?"

मी त्यांना समजावलं आणि नीट समजावलं. गळ्यातल्या त्या ग्रंथीतला एक रस शरीराला रोज लागतो, सगळं अंग त्यावर चालतं. ग्रंथीच काढली, तर तो रस गोळीतून द्यायचा. ती गोळी सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर. ऑपरेशनमध्ये शेजारच्या बारीक ग्रंथींनाही धक्का बसतो, म्हणून कॅल्शियमची गोळी, ती जेवल्यावर. हातापायाला मुंग्या आल्या, बोटं वाकडी व्हायला लागली, तर लगेच यायचं. आणि अधूनमधून रक्त तपासायचं. चिठ्ठीवर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

हौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्ये न्याहारीच्या आदी एक, जेवल्यावर एक, असं मला मेंढरामागं जमायचं न्हाई. आमचं जेवान कवा व्हतं ते आमालाच ठावं नसतं. तुमी आपली एक पुडी बांदा. सकाळी उठलं की टाकायची तोंडात. ती काय मी चुकवायची न्हाई."

दिवाळी तोंडावर होती. वाडा निघायचा होता. मी विचार केला, दोन वेळा सांगितल्या तर ही बाई एक हमखास विसरेल. एक पुडी चुकणार नाही. आणि कॅल्शियम म्हणजे काय, खडूच की. त्याने काय बिघडतंय?

मी बाटली फोडली. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली तपकिरी काचेची असते, आत कापसाचा बोळा. उजेड लागू नये, ओल लागू नये म्हणून. ते मला माहीत होतं. तरी मी एकेका चौकोनात एक बारीक पांढरी गोळी आणि तिच्याशेजारी कॅल्शियमची मोठी गोळी ठेवून, कोकणातून परत येईपर्यंत पुरतील एवढ्या पुड्या बांधल्या. हात चालत होता आणि मला अभिमान वाटत होता. हौसाबाईंनी त्या पुड्या पिशवीत भरल्या, पिशवी कनवटीला लावल्यासारखी पदरात बांधली आणि म्हणाल्या, "बगा, आता कशी चालते."

त्या परत आल्या वैशाखात. मी ओळखलं नाही. तोंड सुजल्यासारखं, डोळ्यांखाली फुगलेलं, आवाज घोगरा. बाहेर ऊन इतकं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि या बाईने अंगावर घोंगडी घेतलेली. मी पंख्याखाली बसलो होतो.

"थंडी वाजती वो," त्या म्हणाल्या. "समदी हसत्यात मला."

सखाराम काउंटरपाशी आले आणि हळू आवाजात बोलायला लागले. "भाऊ, हिला काय तरी द्या. माळशेजात हिनं घोडं लादायला अर्दा दिस घेतला. आमी मेंढरं घेऊन तळाव गेलो, तर चूल न्हाई, जाळी न्हाई. ही मागं दरडीला बसलेली. म्हनती, पाय उचलत न्हाईत. पैल्यांदा वाटलं, ऑपरेशनचा थकवा. पन मग रोजचंच झालं. बाकीच्या बाया तोंडावर बोलायला लागल्या."

"पुड्या घेतल्या ना?" मी विचारलं.

"येक चुकवली न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "चा बरूबर घेते रोज."

चहाबरोबर. तेही मी ऐकलं. पाण्याबरोबर घ्या असं सांगितलेलं होतं, पण पुडी एकदा हातात दिली की सगळं सांगणं पुडीतच बांधलं जातं. मला तिथं थांबायला पाहिजे होतं. चिठ्ठी काढून परत वाचायला पाहिजे होती. पुण्याला जाऊन रक्त तपासा, असं सांगायला पाहिजे होतं. मी काय केलं? मी सखारामला बाजूला घेतलं आणि मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, "काही नाही हो. ऑपरेशननंतर बायका आळसावतात. घरची माणसं जपतात, मग अंगाला सवय लागते. बसू देऊ नका. चालवा. जितकं चालवाल तितकं अंग मोकळं होईल."

बाजूला घेतलं खरं, पण दुकान ते केवढं. हौसाबाईंनी ऐकलंच असणार. त्यांनी घोंगडी ओढून घेतली, नव्या पुड्या घेतल्या आणि पायरी उतरल्या. उतरताना खांबाला धरलं होतं.

गावात मेडिकलवाल्याचा शब्द कसा फिरतो, हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. डॉक्टर सांगतो तो आजार. मेडिकलवाला सांगतो ते आतलं खरं. पावसाळ्यात हौसाबाईंची जाऊ पारूबाई दुकानात पोटदुखीची गोळी घ्यायला आली, तेव्हा मला म्हणाली, "भाऊ, बरं झालं तुमी सांगितलं. आमाला आदीच वाटत व्हतं. पन आमी बोललो की जाऊ जाऊवर जळती म्हनत्यात. आता मी तोंडावर सांगते, आगं तू आजारी न्हाईस, तू आळशी हाईस, मेडिकलवाल्यानं सांगितलंय." आणि ती हसली. मीही हसलो. मला तो विनोद वाटला होता.

हौसाबाई प्रयत्न करत होत्या, हे मला नंतर कळलं. सखारामने त्यांना पहाटे उठवून बांधावरून चालवलं. त्या चालायच्या, बसायच्या, उठायच्या. शेळीसारखं हाकावं लागायचं, असं सखाराम म्हणाले होते. अंगात रसच नाही आणि वरून चालायचं. तेल संपलेल्या दिव्याची वात वर सारत बसावं, तसं ते चाललं होतं. माझ्या सल्ल्याने.

दुसऱ्या दिवाळीला वाडा निघाला, तेव्हा बाकीच्या कुटुंबांनी स्पष्ट सांगितलं, हौसाबाईमुळं आम्हाला थांबता येणार नाही. सखारामने हौसाबाईंना घरी ठेवून वाड्याबरोबर एकट्याने जायचं ठरवून पाहिलं. भाकरी पारूबाई करून देईल, घोडं दुसरं कुणी लादेल. माळशेजपर्यंतही जमलं नाही. दुसऱ्याच्या बाईनं आपलं बिऱ्हाड किती दिवस लादावं? ते अर्ध्यातून मेंढरं घेऊन परतले आणि बेल्ह्याच्या बाजारात त्यांनी सगळा कळप विकला. घोडंही विकलं. कुत्रं तेवढं राहिलं.

ते मला सांगायला सखाराम दुकानात आले नव्हते. त्यांना डोकेदुखीची गोळी पाहिजे होती. गोळी घेऊन जाता जाता म्हणाले, "बाईबिगर वाडा चालत न्हाई भाऊ. आमच्या आज्यापासनं मेंढरं व्हती. असू द्या. तिच्या नशिबात आळस आला, माज्या नशिबात ही."

'ही' म्हणजे हातातली गोळी. मी सुटे पैसे परत दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी येडगावच्या एक शिक्षिका दुकानात आल्या. त्यांच्याही गळ्यावर आडवा व्रण होता, जुना. मंचरला नातेवाइकांकडं आल्या होत्या आणि गोळ्या संपल्या होत्या. मी चिठ्ठी पाहिली, तीच दोन औषधं. सवयीने कागदाचा चौकोन ओढला आणि दोन्ही गोळ्या शेजारी ठेवायला लागलो.

"अहो, हे काय करताय?" बाई म्हणाल्या. "एकत्र नका बांधू. मला बाटलीच द्या. आणि कॅल्शियम वेगळं. चार तास अंतर ठेवायला सांगितलंय. नाही तर ती गोळी पोटात कॅल्शियमलाच चिकटून बसते, अंगात जातच नाही."

"असं कोण म्हणालं?"

"डॉक्टर म्हणाले. पहिल्या वर्षी मी दोन्ही एकदम घेत होते. नुसती झोपून असायची. वर्गात खुर्चीवर डुलक्या. मुलं मला काय म्हणायची ते तुम्हाला सांगत नाही." त्या हसल्या, बाटली घेतली आणि गेल्या. कागदाचा चौकोन तसाच काउंटरवर राहिला.

माझं दुकान कधी नव्हे ते दुपारी बंद झालं. समोर नव्याने दवाखाना टाकलेले डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. सरळ विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, "डॉक्टर, जुन्नरकडचा एक दुकानदार आहे ओळखीचा. थायरॉइड काढलेल्या बाईला त्याने गोळी आणि कॅल्शियम एकाच पुडीत बांधून दिलं. त्याने काय होतं?"

"बाई चहाबरोबर घेते का?"

"हो. म्हणजे, घेत असेल."

"गोळी कागदात? महिनोन्‌महिने?"

"हो."

"मग तिला अर्धीमुर्धी तरी मिळाली का, शंकाच आहे. सुजेल, गारठेल, आवाज बसेल, पाय उचलणार नाहीत. हृदयावरही जायचं एखाद्या वेळी. त्या दुकानदाराला म्हणावं, किराणा विक. तांदळाने कुणी आळसावत नाही."

'आळसावत' हा शब्द त्यांनी कुठून काढला, कोण जाणे. मी घरी न जाता स्टँडवर जाऊन बसलो. नाशिककडे जाणाऱ्या गाड्या येत होत्या, जात होत्या.

त्याच आठवड्यात मी अवसरीला गेलो. सांगायलाच गेलो होतो, हे शपथेवर सांगतो. ओट्यावर हौसाबाई घोंगडीत बसलेल्या, सखाराम मोकळ्या जाळीचं गुंडाळं उलगडून परत गुंडाळत होते. काही काम नव्हतं त्याचं. ते पाहिलं आणि माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

"हौसाबाई, कंपनीने गोळी बदललीय. आता पुडी नाही. ही बाटली घ्या. पहाटे उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर ही बारीक गोळी. चहा तासाभराने. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर. आणि उद्या मंचरला या, रक्त तपासून घेऊ."

"बदलली व्हय?" सखाराम म्हणाले. "बरं झालं. आदीची काय कामाची नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी समोरच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, ते तपासायला पुण्याला पाठवलं. निकाल आला तेव्हा मी हौसाबाईंबरोबर होतो. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, तुम्ही गोळ्या चुकवता."

"न्हाई वो. भाऊंची पुडी येक दिस चुकवली न्हाई."

"चुकवल्याशिवाय असं होत नाही. स्वतःच्या जिवाशी खेळू नका. गोळी म्हणजे गंमत नाही."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्ष द्यावी म्हणून. सांगा की यांना, की मी नेमाने घेतल्या. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "असू दे. गोळी वेगळी, कॅल्शियम वेगळं. बाटली चुलीपाशी ठेवायची नाही. अंगात ताकद येऊ द्या, मग चाला. आधी दारातल्या दारात, मग विहिरीपर्यंत. मान हळूहळू दोन्हीकडं फिरवायची, व्रण आखडू द्यायचा नाही. भाऊंना सगळं माहीत आहे आता."

त्या दिवशीचं ते गप्प बसणं मला पहिल्या चुकीपेक्षा जड जातं. पहिल्या वेळी मला पुरतं माहीत नव्हतं. या वेळी होतं.

हौसाबाई हळूहळू सुधारल्या. आधी आवाज मोकळा झाला. मग तोंडाची सूज उतरली. एक दिवस दुकानात घोंगडी न घेता आल्या. विहिरीपर्यंत, मग बांधापर्यंत, मग गावच्या रस्त्याला लागून मंचरच्या अंगाला. मेंढरं नव्हती, पण चाल मेंढरामागचीच राहिली. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निघालीस हौसा?" तर म्हणायच्या, "मेंढरामागं. दिसत न्हाईत व्हय तुला?" पुढं पुढं गुडघेदुखीच्या, साखरेच्या बाया त्यांच्याबरोबर चालायला लागल्या. रक्त तपासायची वेळ आली की त्या स्वतः आठवण करून द्यायच्या. थायरॉइड काढलेलं माणूस किती धडधाकट राहू शकतं, हे पाहायचं असेल तर अवसरीला जावं.

आणि त्या सगळीकडं सांगायच्या, "मंचरच्या भाऊंनी मला उठवलं. भाऊ नसते तर मी ओट्याव मेले असते." एका दिवाळीला सखाराम आणि त्या दोघं दुकानात आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक काळी घोंगडी ठेवली. विकायच्या आधी मेंढरं कातरली होती, त्या लोकरीची. शेवटच्या लोकरीची. त्यांनी ती मुद्दाम ठेवली होती आणि विणून आणली होती. "ऱ्हाऊ द्या तुमाला," सखाराम म्हणाले. मी घेतली. घरातल्या कपाटात आहे. एकदाही अंगावर टाकली नाही. बायको विचारायची, का हो वापरत नाही? मी म्हणायचो, टोचते.

अशी वर्षं गेली. मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो असंही नाही. माणूस सुधारला, आता कशाला उकरायचं, असं म्हणता म्हणता न सांगण्याची सवय होते.

गेल्या वर्षी सखाराम गेले. लांबलेल्या आजारपणानंतर. मी दहाव्याला गेलो होतो. बायकांच्या घोळक्यात हौसाबाई बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "शेवटच्याला लई मेंढरांचं काढायचे भाऊ. म्हनायचे, हौसे, तुला आळस आला नसता तर कळप राहिला असता. रागानं न्हाई म्हनायचे. मायेनंच म्हनायचे. म्या म्हनायची, व्हय, चुकलंच माजं."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. दहाव्याच्या गर्दीत बोलणं बरं नव्हे, असं स्वतःला सांगितलं आणि परत आलो. हीसुद्धा पळवाटच.

काही दिवसांनी पहाटे गेलो. त्या काठी घेऊन निघायच्याच तयारीत होत्या. म्हणाल्या, "या, चालत बोलू." बायकांना त्यांनी पुढं लावून दिलं. मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो. त्यांचा वेग मला झेपत नव्हता. कॅनॉलच्या कडेला पोचल्यावर मी थांबलो आणि सगळं सांगितलं. पुडी, कॅल्शियम, कागद, चहा. सखारामला बाजूला घेऊन काय म्हणालो ते. कंपनीने गोळी बदलली नव्हती ते. डॉक्टर ओरडले तेव्हा मी कुठं बघत होतो ते.

मला वाटलं होतं, त्या मेंढरांचं बोलतील. शिव्या देतील. त्या काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढत राहिल्या.

मग म्हणाल्या, "म्हंजी मी आळशी नव्हते?"

"नव्हता."

"अजाबात न्हाई?"

"नाही, हौसाबाई."

"मला वाटायचं, आपल्याच अंगात काय तरी खोट हाय. जाऊ बोलायची, तवा वाटायचं खरंच बोलती. म्या मनाला किती शिव्या घातल्या. उठ गं, उठ गं म्हनायची. आन मन तर उठलेलंच व्हतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ह्ये तुमी ह्यांना सांगायला पायजे व्हतं भाऊ. मला न्हाई सांगितलं तरी चाललं असतं. ह्यांना सांगायला पायजे व्हतं."

त्या वळल्या आणि मी त्यांच्या मागून चालायला लागलो.

वस्तीवर परत आलो. पारूबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. आता तिलाही नीट दिसत नाही. हौसाबाई म्हणाल्या, "पारे, भाऊ काय सांगत्यात आईक. सांगा भाऊ." मी परत सांगितलं. पारूबाईचे हात सुपात थांबले. ती म्हणाली, "मला काय ठावं? ह्या भाऊंनीच तसं सांगितलं व्हतं." खरंच होतं ते. हौसाबाई तिच्याजवळ बसल्या आणि सुपातले खडे काढायला लागल्या. मला कुणी चहा विचारला नाही. मी निघालो.

पुढच्या महिन्यात गोळ्या संपायच्या सुमाराला मी मुद्दाम दुकानात बसून राहिलो. वाटलं, आता त्या दुसरीकडं जातील. गेल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. त्या आल्या. गर्दी होती, रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर पुतण्याला म्हणाल्या, "थायराइडची बाटली दे बाबा. बंद." पुतण्याने बाटली काढली. त्यांनी ती हातात घेतली, झाकण फिरवून पाहिलं, वरचं सील शाबूत आहे का ते अंगठ्याने चाचपलं. मग उजेडाकडे धरली.

मी म्हणालो, "हौसाबाई, मी दिली असती की."

"नगं भाऊ," त्या म्हणाल्या. रागाने नाही, जशा नेहमी बोलतात तशाच. "तुमी बसा."

बाटली पिशवीत टाकून त्या पायरी उतरल्या. खांबाला हात न लावता.